टीव्हीचा आवाज रिसीव्हरपर्यंत नेताना

टीव्हीचे पडदे जसजसे पातळ होत गेले, तसतशी एक तक्रार घरोघरी वाढत गेली: चित्र लख्ख दिसते, पण बोललेले कळत नाही. संवाद आला की आवाज वाढवायचा, मारामारी किंवा गाणे आले की घाईघाईने कमी करायचा, यात सिनेमातला अर्धा रस निघून जातो. घरात कोणाला जरा कमी ऐकू येत असेल, तर त्या माणसाचा टीव्ही बघण्यातला उत्साहच मावळतो. यामागचे कारण साधे आहे. आवाज म्हणजे हवेची हालचाल, आणि भरदार आवाजासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. बोटभर जाडीच्या पेटीत बसणाऱ्या इवल्याशा स्पीकरला ते झेपत नाही. शिवाय पडद्याभोवतीची चौकट जवळजवळ नाहीशी झाल्यामुळे स्पीकरला समोर तोंड करायला जागा उरलेली नाही. बहुतेक टीव्हींत तो खाली किंवा मागे तोंड करून असतो आणि आपल्यापर्यंत येतो तो टेबलावर किंवा भिंतीवर आपटून आलेला आवाज. म्हणून लोक होम थिएटर घेतात: एक एव्ही रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर. पैसे खर्च होतात, भिंतींना भोके पडतात, आणि तरीही पुष्कळ घरांत त्या पाच स्पीकरांना मिळतो तो दोनच स्पीकरांसाठीचा आवाज. अशा वेळी रिसीव्हर आणि स्पीकर बहुधा ठणठणीत असतात. टीव्ही आणि रिसीव्हर यांच्यामधल्या वाटेत काहीतरी गळालेले असते. ध्वनिमुद्रण ज्या रूपात टीव्हीपाशी आले त्याच रूपात, न उलगडता, रिसीव्हरपर्यंत जावे आणि तिथेच उलगडले जावे, हे या लेखाचे म्हणणे आहे. जोडणीतला जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घेता येतो.

ही अडचण नव्याने का उभी राहिली, हे समजायला आवाजाची दिशा कशी बदलली ते पाहावे लागते. एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली, तेव्हा टीव्ही रांगेत सर्वांत शेवटी असे. डीव्हीडी प्लेअर किंवा सेट टॉप बॉक्स रिसीव्हरला जोडायचा, रिसीव्हरने आवाज स्वतःकडे ठेवून चित्र टीव्हीकडे पाठवायचे, अशी सरळ रचना होती. आवाज टीव्हीपर्यंत जातच नसे, त्यामुळे तो परत आणण्याचा प्रश्न नव्हता. पुढे टीव्हीच्या पोटातच इंटरनेट आले. सिनेमा पुरवणारी ॲप टीव्हीत चालू लागली आणि जो शेवटचा होता तोच उगम झाला. आता आवाज टीव्हीत जन्म घेतो आणि त्याला उलट दिशेने रिसीव्हरकडे जायचे असते. ही गरज ओळखून २००९ मध्ये एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत ऑडिओ रिटर्न चॅनेल, म्हणजे एआरसी, ही सोय आली. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी चौदावी पिन तोपर्यंत राखीव ठेवलेली होती. तिच्यातून टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत येऊ लागला. एकाच केबलमधून चित्र पुढे जाते आणि आवाज मागे येतो. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या २.१ आवृत्तीने या परतीच्या वाटेची क्षमता कित्येक पटींनी वाढवली. तिला ई-एआरसी म्हणतात.

न उलगडता पाठवण्याचा आग्रह का, याचे उत्तर आकड्यांत आहे. डिजिटल आवाजाच्या सर्वांत सरळ रूपाला पीसीएम म्हणतात. दर सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहायचा, तर दोन चॅनेलसाठी सेकंदाला १५ लाख ३६ हजार बिट लागतात. ५.१ म्हणजे सहा चॅनेल; त्यांना याच हिशेबाने ४६ लाख ८ हजार बिट हवेत. टीव्हीच्या मागे दिसणारी ऑप्टिकल जोडणी तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये सीडी प्लेअरसाठी तयार केली, आणि तिची घडण दोन चॅनेलच्या पीसीएमपुरतीच आहे. सहा चॅनेलचे उलगडलेले पीसीएम तिच्यातून जाऊ शकत नाही. साध्या एआरसीचीही तीच मर्यादा आहे. मात्र डॉल्बी डिजिटल या पद्धतीत हेच सहा चॅनेल दाबून जास्तीत जास्त ६ लाख ४० हजार बिटांत बसवलेले असतात, आणि तो प्रवाह याच तारेतून आरामात जातो. म्हणजे दाबलेले सहा चॅनेल मावतात आणि उलगडलेले सहा मावत नाहीत. गावाला जाणारा रस्ता कितीही रुंद केला तरी वाटेतला साकव जेवढा रुंद, तेवढीच गाडी पलीकडे जाते. इथला साकव म्हणजे टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंतची ही जोडणी. टीव्हीने आधीच ट्रॅक उलगडला, तर पुढे पाठवण्यासाठी त्याला सहाचे दोन करावे लागतात. एकदा दोन झाले की रिसीव्हर कितीही महागाचा असो, मूळचे सहा त्याला परत मिळत नाहीत.

सहाचे दोन होण्याने सर्वांत मोठे नुकसान होते ते मधल्या स्पीकरचे. ५.१ च्या मांडणीत सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या चॅनेलमध्ये असतात. संगीत आणि परिसराचे आवाज डावी-उजवीकडे, मागच्या दोन चॅनेलांत वातावरण, आणि '.१' हा केवळ खर्जासाठी राखलेला. सहाचे दोन करताना मधला चॅनेल तीन डेसिबलने उतरवून डावीकडे आणि उजवीकडे सारखा मिसळायचा, असा प्रघात आहे. मग संवाद संगीताच्या गर्दीत सापडतो. अगदी मध्यभागी बसणाऱ्याला तो तरीही पडद्यातून आल्यासारखा वाटतो, कारण दोन्ही स्पीकरांचा आवाज त्याच्यापर्यंत एकदमच पोहोचतो. पण आपल्याकडे टीव्ही पाहणारे घर सोफ्यावर, दिवाणावर आणि खाली सतरंजीवर पसरलेले असते. कडेला बसलेल्याच्या कानात जवळच्या स्पीकरचा आवाज काही मिलिसेकंद आधी शिरतो, आणि आवाज कुठून आला हे मेंदू आधी पोहोचलेल्या लाटेवरून ठरवतो. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात याच परिणामाचा अभ्यास केला होता. त्यामुळे पडद्यावरचे पात्र समोर बोलते आणि ऐकू येते कोपऱ्यातून. मधला चॅनेल वेगळा पोहोचला, की संवाद सगळ्यांना पडद्यातूनच येतो. शिवाय रिसीव्हरमध्ये तेवढाच चॅनेल दोन-तीन डेसिबलने वाढवता येतो. बोलणे स्पष्ट होते आणि एकूण आवाज उलट कमी ठेवता येतो. शेजाऱ्यांची भिंत सामाईक असलेल्या फ्लॅटमध्ये होम थिएटर कशाला, असे विचारणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

यावर कोणी म्हणेल, रिसीव्हर तर दोन चॅनेलांवरूनही पाच स्पीकर वाजवतो, मग अडले कुठे? खरे आहे. डावीकडे आणि उजवीकडे जे समान आहे ते वेचून मधल्या स्पीकरला देण्याची युक्ती आजच्या रिसीव्हरांत असते, आणि ती वाईट नाही. डीटीएचवरच्या बऱ्याच मराठी वाहिन्यांचा आवाज मुळातच दोन चॅनेलचा असतो. तिथे ही युक्ती वापरावी हेच योग्य. पण हा शेवटी अंदाज आहे. गाण्यातला गायकाचा आवाजही दोन्हीकडे समान असतो, ढोलाचा ठोकाही असतो, आणि मग संवादासोबत तेही मध्ये ओढले जातात. कोणता आवाज कुठे ठेवायचा हे ध्वनिमिश्रकाने स्टुडिओत ऐकून ठरवलेले असताना, तो निर्णय पुसून टाकून यंत्राला पुन्हा अंदाज करायला लावण्यात शहाणपण नाही.

आता प्रत्यक्ष जोडणी. रिसीव्हरच्या पाठीवर एचडीएमआयचे अनेक 'इन' आणि एक किंवा दोन 'आउट' असतात. 'आउट'पैकी ज्याच्यावर एआरसी छापलेले आहे, तिथून केबल निघते. ती टीव्हीच्या कोणत्याही पोर्टात लावून चालत नाही. टीव्हीवरही एकाच ठराविक पोर्टाशेजारी एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलेले असते. दुसऱ्या पोर्टात लावली, तर रिसीव्हरकडून चित्र येईल, पण टीव्हीचा आवाज परत जाणार नाही. त्यानंतर टीव्हीच्या मेनूत एचडीएमआय सीईसी चालू करावे लागते. ही सोय प्रत्येक कंपनी आपल्या नावाने देते: सॅमसंगची एनीनेट प्लस, एलजीची सिंपलिंक, सोनीची ब्राव्हिया सिंक. साध्या एआरसीत दोन्ही यंत्रांचे बोलणे सीईसीवरूनच सुरू होते, म्हणून ते बंद असेल तर परतीची वाट उघडत नाही. रिसीव्हरच्या मेनूतही एआरसी चालू आहे ना, हे पाहावे. मग टीव्हीचा आवाज बाहेरच्या रिसीव्हरकडे वळवायचा. यानंतर येते ती सर्वांत दुर्लक्षित ओळ: डिजिटल आउटपुटचे स्वरूप. तिथे पीसीएम, ऑटो, पास थ्रू, बिटस्ट्रीम असे पर्याय दिसतात. पीसीएम ठेवले की टीव्ही स्वतः ट्रॅक उलगडतो आणि साध्या एआरसीवर किंवा ऑप्टिकलवर दोनच चॅनेल पुढे जातात. ऑटो किंवा पास थ्रू ठेवले की ट्रॅक आहे तसा जातो. या लेखातला सगळा युक्तिवाद त्या एका ओळीत येऊन ठेपतो, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

जमले की नाही, हे कानांवर सोडू नये. पाचही स्पीकर वाजताहेत म्हणजे सगळे ठीक आहे, असेही समजू नये. दोन चॅनेलचा आवाज सगळीकडे सारखा वाटून देण्याची सोय बहुतेक रिसीव्हरांमध्ये असते आणि त्यात खोली दणाणून जाते. खरी साक्ष रिसीव्हरच्या कपाळावरची छोटी पट्टी देते. रिमोटवरचे इन्फो किंवा स्टेटसचे बटण दाबले की आत काय येते आहे ते तिथे उमटते. 'पीसीएम' किंवा '२.०' दिसले, तर वाटेत कुठेतरी ट्रॅक उलगडला गेला आहे, किंवा मुळातच तो दोन चॅनेलचा आहे. 'डॉल्बी डिजिटल', 'डॉल्बी डिजिटल प्लस' किंवा 'डॉल्बी ॲटमॉस' उमटले, तर तो शाबूत पोहोचला. काही रिसीव्हरांच्या पट्टीवर येणाऱ्या चॅनेलांची अक्षरे स्वतंत्र उजळतात. त्यात मधल्या चॅनेलचे 'सी' पेटले आहे का, एवढे पाहिले तरी पुरते. पेटले नसेल, तर उलट दिशेने एकेक टप्पा तपासत जावे. चित्रपटाच्या भाषांच्या यादीत ५.१ चा ट्रॅक निवडला आहे का? एकाच चित्रपटाचा मूळ भाषेतला ट्रॅक ५.१ चा आणि डब केलेला दोन चॅनेलचा असे पुष्कळदा असते. घेतलेल्या वर्गणीत ॲटमॉस मिळते का? सेट टॉप बॉक्सच्या मेनूत आवाज स्टिरिओवर अडकला आहे का? दोन-तीन उत्तरांत दोष सापडतो.

एआरसी आणि ई-एआरसी यांतल्या फरकाचा मात्र बाजारात जरा जास्तच गाजावाजा होतो. ई-एआरसीची वाट सेकंदाला सुमारे ३ कोटी ७० लाख बिटांची आहे. हा आकडा कुठून आला तेही सांगता येते: आठ चॅनेल, प्रत्येकाचे सेकंदाला १,९२,००० नमुने, नमुन्याला २४ बिट, गुणाकार केला की तितकेच येतात. म्हणजे ७.१ चे पूर्ण उलगडलेले पीसीएम, ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, सगळे तिच्यात मावते. पण इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रपटांचा ॲटमॉस आवाज सर्वसाधारणपणे डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळून येतो, आणि तो अलीकडचे बहुतेक टीव्ही साध्या एआरसीवरूनही पाठवतात. त्यामुळे ज्यांचे पाहणे ॲपपुरते आहे, त्यांनी केवळ ई-एआरसीसाठी चांगला चालणारा रिसीव्हर काढून टाकण्याचे कारण नाही. ब्लू-रे प्लेअर किंवा गेम कन्सोल टीव्हीला जोडलेला असेल, तेव्हा ई-एआरसीचा खरा उपयोग होतो. तिथेही दुसरा मार्ग आहेच: प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडावा. आवाज जितक्या कमी यंत्रांतून जाईल तितका तो बिघडण्याची भीती कमी. याला एक अपवाद आहे. रिसीव्हर जुना असेल आणि कन्सोलचे १२० फ्रेमचे ४के चित्र त्याला पुढे पाठवता येत नसेल, तर कन्सोल टीव्हीला जोडून आवाज ई-एआरसीने मागे आणणेच बरे. अर्थात त्यासाठी रिसीव्हरमध्ये ई-एआरसी हवे. काही टीव्ही डीटीएसचा ट्रॅक पुढे पाठवतच नाहीत, हेही प्लेअर टीव्हीला जोडण्याआधी पाहून घ्यावे.

ऑप्टिकल केबल म्हणजे जुनाट, टाकाऊ गोष्ट, असा समज पसरला आहे. तो बरोबर नाही. ज्या रिसीव्हरला एआरसी नाही, त्याला ५.१ डॉल्बी डिजिटल मिळवून द्यायला ती पुरेशी आहे. डॉल्बी डिजिटल प्लस आणि म्हणून ॲटमॉस तिच्यातून जात नाही, एवढीच मर्यादा. बरेच टीव्ही अशा वेळी साधे डॉल्बी डिजिटल करून पाठवतात. जुन्या अनेक टीव्हींत मात्र बाहेरून जोडलेल्या यंत्राचा आवाज ऑप्टिकलवर दोन चॅनेलचाच निघतो. ही केबल लावताना नजरेत ठेवण्याजोग्या दोन बारीक गोष्टी आहेत. तिच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची टोपणे असतात. ती काढायची राहिली की केबल सॉकेटमध्ये घट्ट बसत नाही आणि आवाज येत नाही. आणि टीव्हीकडचे टोक लावले की रिसीव्हरकडच्या टोकावर लाल ठिपका दिसायला हवा. तो दिसला की टीव्हीतून प्रकाश निघतो आहे, पुढचा शोध रिसीव्हरमध्ये घ्यायचा. या केबलचा आणखी एक गुण आहे. तिच्यातून वीज वाहत नाही. केबल टीव्हीची तार जोडल्यावर स्पीकरमधून सतत 'हम्म' असा घुमारा येऊ लागला, तर तो बहुधा वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगमधल्या फरकाने आलेला, ५० हर्ट्झच्या घरगुती विजेचा असतो. ती तार क्षणभर काढून घुमारा थांबतो का ते पाहावे. थांबला तर निदान झाले, आणि टीव्ही-रिसीव्हरमध्ये दुसरी कोणतीही धातूची तार न ठेवता फक्त ऑप्टिकल ठेवणे हा उपाय झाला. ब्लूटूथला मात्र हे कौतुक लागू होत नाही. टीव्हीचे ब्लूटूथ दोन चॅनेल पुन्हा दाबून पाठवते आणि आवाज उशिरा पोहोचवते. तार ओढणे शक्यच नसेल तरच ते वापरावे.

महागड्या केबलबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. डिजिटल संकेत एकतर पोहोचतो किंवा तुटतो. सोन्याचा मुलामा जाड केल्याने संवाद अधिक गोड होत नाही. ६० फ्रेमच्या ४के चित्राला सेकंदाला १,८०० कोटी बिटांच्या क्षमतेची केबल लागते. परतीच्या आवाजाला त्याच्या तुलनेत नगण्य जागा पुरते. ॲप टीव्हीतच चालत असतील, तर त्या केबलमधून सिनेमाचे चित्र जातच नाही. तेव्हा इथरनेटची सोय असलेली साधी हाय स्पीड एचडीएमआय केबल ई-एआरसीलाही चालते. काळजी घ्यायची ती इंटिरिअरचे काम करताना. भिंतीत दडवायची लांब केबल पुष्कळदा आतून प्रकाशतंतूंची असते. ती एकाच दिशेने चालते, आणि तिच्या काही प्रकारांत एआरसीची सोयच नसते. प्लास्टर होण्याआधी ती दोन्ही यंत्रांना लावून, पट्टीवरची अक्षरे वाचून खात्री करावी, आणि पुढे बदलता यावी म्हणून रुंद पाइपातूनच न्यावी.

एक आक्षेप खरोखर वजनदार आहे: आवाज असा टीव्हीकडून फिरून आला की ओठ आणि शब्द जुळत नाहीत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला, किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला, की माणसाच्या ते लक्षात येऊ लागते. पुढे गेलेला आवाज आपल्याला कमी सहन होतो, कारण निसर्गात तसे कधी घडत नाही. आधी वीज दिसते, मग गडगडाट होतो. आपल्याकडच्या प्रसारणात सेकंदाला २५ चित्रे असतात, म्हणजे १२५ मिलिसेकंद ही सुमारे तीन चित्रांची तफावत झाली. टीव्ही चित्र सजवायला वेळ घेतो आणि रिसीव्हर आवाज उलगडायला. या दोन वेळा जुळल्या नाहीत की ओठ चुकतात. रिसीव्हरला आवाज थांबवून ठेवता येतो, पुढे ओढता येत नाही. म्हणून आवाज आधी येत असेल, तर रिसीव्हरमधला ऑडिओ डिले वाढवावा. आवाज मागे राहत असेल, तर टीव्हीतला डिजिटल आउटपुट डिले शून्यावर आणावा आणि रिसीव्हरमधल्या आवाजावरच्या जादा प्रक्रिया बंद कराव्यात. ई-एआरसीत ही जुळवाजुळव आपोआप करण्याची सोय मुळातच आहे. म्हणजे आक्षेप खरा असला, तरी ट्रॅक टीव्हीतच उलगडून घ्यावा असे त्यातून निघत नाही. मिलिसेकंदांचा एक आकडा बदलावा, एवढेच निघते.

या सगळ्यातून खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. आधी टीव्हीतले डिजिटल आउटपुट पीसीएमवरून ऑटो किंवा पास थ्रूवर न्यावे, सीईसी चालू करावे आणि पट्टी वाचावी. हे फुकट आहे. मग केबल योग्य पोर्टात आहे का ते पाहावे, आणि लागलीच तर साधी, नवी केबल घ्यावी. त्यानंतर मधल्या स्पीकरची पातळी वाढवून संवाद ऐकावा. एवढे झाल्यावरही जे हवे ते मिळत नसेल, तर आणि तरच नव्या रिसीव्हरचा विचार करावा. दुकानात हा क्रम बहुधा उलटा सांगितला जातो, कारण मेनूतली एक ओळ विकता येत नाही. आज मराठी चित्रपटांचेही ध्वनिमिश्रण ५.१ मध्ये होते, आणि संवाद कुठून यावा, पाऊस कुठे पडावा, हे ठरवण्यात कोणाचे तरी कितीतरी दिवस गेलेले असतात. ते काम आपल्या खोलीपर्यंत अखंड येण्यासाठी लागणारी यंत्रे पुष्कळ घरांत आधीच आहेत. त्यांच्यामधली वाट मोकळी करायची राहिली आहे.